सोलापूरचा मुक्काम

प्रवासवर्णन लिहावे असा प्रवास आमच्या हातून फारसा घडलेला नाही. काशीयात्रा एकदा झाली, तीही घरच्या मंडळींच्या आग्रहास्तव. एरवी घर आणि शाळा, शाळा आणि घर, यांतच पस्तीस वर्षे निघून गेली. तेव्हा पुण्याहून सोलापूर, म्हणजे अवघा अडीचशे किलोमीटरांचा रस्ता, त्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे वाचक म्हणतील तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु गेल्या पौषात तेथे आम्ही जे दोन दिवस काढले, त्यांत आमच्या जुन्या विद्येचा आणि एका जुन्या दुष्कृत्याचा असा दोहोंचाही हिशेब निघाला, आणि तो कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून हा प्रपंच.

सोलापुरास आमचे एक स्नेही असतात. ते ख्रिस्ती आहेत, तीन पिढ्यांचे. भीमाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघे अकरा वर्षे एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवीत, आम्ही संस्कृत. मधल्या सुटीत चहाचा पेला हाती आला की आमचा वाद सुरू व्हावयाचा, आणि विषय नेहमी एकच: देव न्यायी व दयाळू असेल तर जगात दुःख आणि दुष्टपणा आला कोठून? ते आम्हांस ‘शास्त्रीबुवा’ म्हणत आणि आम्ही त्यांना ‘पाद्रीबाबा’. वस्तुतः ते पाद्री नव्हते आणि आम्ही शास्त्री नव्हतो. निवृत्त झाल्यावर ते आपल्या मूळ गावी, सोलापुरास, गेले. ‘गड्ड्याच्या यात्रेला या’ असे त्यांचे पत्र दरसाल येई, आणि दरसाल आम्ही काही ना काही निमित्त काढून टाळीत असू. निमित्ते खोटी असत. खरे कारण निराळे होते; ते पुढे येईलच.

दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. आमची गाडी तेथे थांबली नाही. खिडकीतून थोडी झाडे आणि एक फाटक एवढेच दिसले. ह्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना आश्रय दिला. आमच्या लहानपणी घरात ह्या बाईंचे नाव हलक्या आवाजात घेतले जाई. आजी म्हणे, ‘एवढी विद्या, आणि शेवटी बाटली!’ १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिलेली ही डोंगरेशास्त्र्यांची कन्या १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली, ही गोष्ट आमच्या आळीने नव्वद वर्षांनंतरही तिला क्षमा केलेली नव्हती. आम्हांला मात्र मोठेपणी तिच्या एका उद्योगाचे नवल वाटत आले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धातील कित्येक वर्षे खर्ची घालून तिने हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलात ती वारली, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

नवल भाषांतराचे नाही. १८११ साली कॅरेसाहेबांनी श्रीरामपुराहून नवा करार मराठीत काढला, तेव्हापासून भाषांतरे होतच होती. नवल हे, की संस्कृत जिच्या जिभेवर खेळत होते तिने आपल्या भाषांतरातून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. साध्या बायाबापड्यांना कळावे हे एक कारण. पण दुसरे अधिक खोल आहे, आणि ते संस्कृतज्ञालाच सुचावे असे आहे. शब्द एकटा येत नाही. आपल्या दर्शनाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ आपोआप आत शिरतो, मग लिहिणाऱ्याचा हेतू काही का असेना. उदाहरण आमचे आहे, तिचे नव्हे. पण तत्त्व तेच. भाषांतर हेच पहिले भाष्य होय, हे ज्याने एकदा तरी मेघदूत मराठीतून मुलांना शिकविले आहे त्याला सांगावयास नको.

कुर्डुवाडी गेली, उसाची शेते विरळ झाली, जमीन काळी आणि सपाट झाली, आणि सोलापूर आले.

ह्या गावाला सुंदर म्हणणे धाडसाचे होईल. ऊन भरपूर, धूळ भरपूर. पण रस्त्याने चालताना दहा पावलांत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडाव्यात, हे वैभव पुण्याला नाही. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरांतून मागांचा आवाज येतो. १८७७ साली स्थापन झालेली ‘जुनी गिरणी’ केव्हाच बंद पडली आहे. तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक अजून तिचेच नाव घेतात. भर वस्तीत भुईकोट किल्ला, त्याला लागून तलाव, आणि तलावात सिद्धरामेश्वरांचे देऊळ. बाराव्या शतकातील ह्या शिवयोग्याने गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली, असे सांगतात. आम्ही पोहोचलो तेव्हा संक्रांतीची यात्रा ओसरत आली होती. नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती, होम मैदानावरचे पाळणे तेवढे फिरत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मित्र उपासनेस निघाले. आम्ही सहज म्हणालो, ‘आम्ही आलो तर चालेल काय?’ ते म्हणाले, ‘तुमच्या सोवळ्याला चालत असेल तर आमच्या देवाला चालेल.’

रंगभवनाजवळच्या त्या चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. ह्या मंडळीचे मूळ अमेरिकन मराठी मिशनात आहे. १८१३ साली हे अमेरिकन लोक मुंबईस उतरले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरास ठाणे दिले, आणि पुढे तीसेक वर्षांनी सोलापुरास. त्यांच्या खुणा गावात जागोजाग आहेत. मुलींच्या एका जुन्या शाळेचे नाव ‘वोरोनोको’ असे आहे; हा कोणता शब्द म्हणून आम्ही गोंधळलो होतो, तर वोरोनोको हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले एक खेडे निघाले. उपासनेतील पदे मराठी, चाली ओळखीच्या, आणि त्यांपैकी एक रेव्हरंड टिळकांचे. कीर्तनाला बसल्यासारखेच वाटले. फरक एवढाच, की चपला पायांत होत्या, आणि त्यामुळे आम्ही सारा वेळ अवघडलेलो होतो.

त्या दिवशीचा पाठ योहानाच्या शुभवर्तमानातला होता. वाटेत एक जन्मांध मनुष्य बसलेला असतो. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, स्वतःच्या की आईबापांच्या? येशू सांगतो की ना ह्याच्या, ना आईबापांच्या. देवाचे कार्य ह्याच्या ठायी प्रकट व्हावे म्हणून. मग तो मातीचा लेप त्याच्या डोळ्यांना लावतो, आणि त्याला दिसू लागते.

घरी येऊन जेवावयास बसलो. वहिनींनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढले. आमचे वडील असते तर ह्या घरचे पाणीही प्याले नसते; आम्ही तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीला आम्ही जुन्या सवयीने तोंड उघडले.

‘पाद्रीबाबा,’ आम्ही म्हणालो, ‘तुमच्या ग्रंथात आमचाच प्रश्न कसा? जन्मांध माणसाने पाप केले ते केव्हा? जन्मापूर्वीच ना? म्हणजे त्या शिष्यांच्या मनात पूर्वजन्म होता.’

‘यहुदी पंडितांत गर्भातल्या पापाचीही चर्चा होत असे,’ ते म्हणाले. ‘पूर्वजन्मच पाहिजे असे नाही. पण प्रश्न तुमच्या जातीचा आहे खरा.’

‘आणि उत्तर तर त्याहून वाईट. एका माणसाने इतकी वर्षे ठेचाळत काढावयाची, कशासाठी, तर एके दिवशी देवाला आपला चमत्कार दाखविता यावा म्हणून! हा न्याय म्हणावयाचा की तमाशा?’

येथे वाचकांना सांगितले पाहिजे, की ही शंका आमची एकट्याची नव्हे, आणि तिचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. १८३९ साली जॉन म्यूर ह्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता मांडली. त्याला ज्या पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली, त्यांत काशीस वाढलेला एक विशीतला चित्पावन तरुण होता, नीळकंठ गोरे. त्याच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ ग्रंथातील आक्षेप आजही धारदार वाटतात. जन्म एकच असेल, तर नुकत्या जन्मलेल्या अर्भकाला वेदना होतात त्या कोणत्या अपराधाबद्दल? मुक्या जनावरांना का? हा जीव नरकात जाणार हे आधीच ठाऊक असताना देवाने त्याला उत्पन्न तरी का केले? कर्मसिद्धान्ताने ह्या सर्वांची वाट लागते. तुमच्याकडे काय आहे?

आणि हाच नीळकंठशास्त्री १८४८ साली स्वतः ख्रिस्ती झाला! पुढे फादर नेहेम्या गोरे ह्या नावाने ते ओळखले गेले, १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी आमच्या सहाही दर्शनांचे खंडन केले, रमाबाईंच्या विचारांवर त्यांची छाप पडली, आणि १८९५ साली मुंबईस ते निवर्तले. काही लोक त्यांना चंचल म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. प्रश्न इतका कठीण, की एक प्रामाणिक मनुष्य एका आयुष्यात त्याच्या दोन्ही तीरांवर उभा राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनी आमचा आवेश ओसरू दिला. मग म्हणाले, ‘प्रथम वाक्य नीट लावा, शास्त्रीबुवा. अन्वय तुमचा विषय आहे. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नव्हती. ती मागाहून आली. पूर्णविराम एक पाऊल अलीकडे घेतला तर काय होते पाहा. ना ह्याने पाप केले, ना ह्याच्या आईबापांनी. येथे वाक्य संपले. पुढचे वाक्य निराळे: देवाचे कार्य ह्याच्या ठायी दिसावे म्हणून दिवस आहे तोवर आपण काम केले पाहिजे. असे वाचणारे पंडित आहेत. मग आंधळेपणाचे कारण येशूने सांगितलेच नाही. त्याने फक्त प्रश्न बाजूस सारला आणि माती भिजविली.’

आम्ही क्षणभर गप्प झालो, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. एका पदच्छेदावर मते कशी पालटतात हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? माध्वांनी एका महावाक्यात एक अकार घातला आणि अद्वैताचे द्वैत झाले. आम्ही आमचे शेवटचे शस्त्र काढले, ब्रह्मसूत्रांतील वैषम्यनैर्घृण्याचे अधिकरण. देव पक्षपाती नाही आणि निर्दयही नाही, कारण सृष्टी करताना तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवतो. आचार्य तेथे पावसाचा दाखला देतात: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भाताचे भात आणि जवाचे जव होतात ते बीजाच्या भेदामुळे. आणि पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कोठले, असे विचाराल, तर संसार अनादी आहे.

‘अनादी म्हणजे उत्तर पुढे ढकलले की मागे?’ मित्रांनी हसून विचारले. ‘आणि ज्याला आपला गुन्हा आठवत नाही त्याला फटके मारणारा मास्तर तुमच्या शाळेत असता, तर तुम्ही काय म्हटले असते?’

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले असावे. आमचा घास मात्र हातातच राहिला.

ते लगेच आपल्या पक्षाकडे वळले, आणि त्यालाही त्यांनी सोडले नाही. त्यांच्याकडचे जुने उत्तर ऑगस्टीन ह्या आफ्रिकेतील धर्माध्यक्षाचे (तो ४३० साली वारला): देवाने जे निर्मिले ते सारे चांगले, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नव्हे, अंधार जसा प्रकाशाचा अभाव तसे वाईट हा चांगल्याचा अभाव. तो आला कोठून? तर देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले आणि माणसाने ते चुकीच्या दिशेला वापरले. ज्याला वाईट करताच येत नाही त्याने केलेल्या चांगल्याला किंमत ती काय? येथपर्यंत आमचे व त्यांचे जुळते. पण पुढे तोच ऑगस्टीन म्हणतो, की आदामाच्या पहिल्या अपराधाने सबंध मानवजातीची इच्छाच पंगू झाली, आणि आता देवाच्या कृपेवाचून मनुष्य चांगले इच्छूही शकत नाही. पेलाजियस नावाच्या साधूने विरोध केला; तो पाखंडी ठरला. अकराशे वर्षांनी कॅल्विनने ह्याची परिसीमा केली: कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरविले आहे. आर्मिनियस ह्या डच पंडिताने पुन्हा स्वातंत्र्याची बाजू घेतली, आणि तो तंटा अद्याप मिटलेला नाही. सोलापुरास आलेले अमेरिकन मिशनरी कॅल्विनाच्या परंपरेत वाढलेल्या पंथाचे होते.

‘मग आदामाची गोष्ट तुम्ही अक्षरशः खरी मानता?’ आम्ही विचारले.

‘माझे आजोबा मानीत. मी ती तुमच्या मीमांसकांच्या अर्थवादासारखी वाचतो. साप बोलला की नाही हे तिचे तात्पर्य नव्हे. विचारल्यावर आदामाने बायकोकडे बोट दाखविले आणि बायकोने सापाकडे, हे तात्पर्य. आमच्या मंडळीत हे न पटणारे पुष्कळ आहेत.’

अर्थवादाचा हा उपयोग जैमिनींना मानवला असता की नाही देव जाणे, आम्हांला आवडला.

मग ईयोबाची गोष्ट निघाली. हा सत्त्वशील मनुष्य एकाएकी धन, मुले, आरोग्य सर्व गमावतो. आमच्या हरिश्चंद्राचा सख्खा भाऊ म्हणावा असा. त्याचे मित्र येऊन त्याला समजावीत बसतात, की बाबा रे, तू काहीतरी पाप केले असलेच पाहिजेस, त्यावाचून हे व्हावयाचे नाही. ईयोब ऐकत नाही. तो देवाशीच भांडतो. आणि शेवटी देव रागावतो तो भांडणाऱ्यावर नव्हे, समजावणाऱ्या मित्रांवर! ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे म्हणतो. ही कथा आम्ही पूर्वीही वाचली होती, पण मित्रांवरचा हा ठपका आमच्या ध्यानातून निसटला होता. बहुधा आम्ही स्वतः त्या मित्रांच्या बाजूने वाचीत होतो.

तिसऱ्या प्रहरी मित्र म्हणाले, ‘चला, तुम्हांला माझ्या आजोबांची नोकरीची जागा दाखवितो.’

ती जागा म्हणजे सेटलमेंट. सोलापुराबाहेरच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द अपरिचित असेल. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला, त्यान्वये काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. ह्या देशात धंदा जातीने चालतो, मग गुन्हाही जातीनेच चालणार, अशी विचारसरणी त्याच्या मुळाशी होती. पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींसाठी ठिकठिकाणी वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत त्यांत मोठी. भोवती तारेचे कुंपण, दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, आणि बाहेरगावी जाणे झाल्यास पास. काही वर्षे ह्या वसाहतीचा कारभार सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविला होता, आणि मिशनने तिला नाव दिले ‘उमेदपूर’.

आज तेथे कुंपण नाही. सिमेंटची घरे आहेत, दुकाने आहेत, मोटारसायकली आहेत, आणि ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आहे. एका ओट्यावर चार म्हाताऱ्या ऊन खात बसल्या होत्या. मित्रांना सगळे ओळखत होते.

‘आजोबा मिशनतर्फे येथे कारकून होते,’ ते सांगू लागले. ‘हजेरीपुस्तक त्यांच्याकडे असे. मुलांची शाळा त्यांनी उभी केली, मलेरियात रात्र रात्र औषधे वाटली, हे खरे. आणि तान्ह्या पोराचे नाव जन्मल्या दिवशी त्या पुस्तकात चढवीत, हेही खरे. त्यांच्या बायबलात ह्या जन्मांधाच्या पानाशेजारी पेन्सिलीची रेघ आहे. ती कोणत्या साली ओढली, मला ठाऊक नाही. मी पुष्कळदा विचार करतो. पाप आदामापासून सर्वांत सारखे उतरले असे शिकलेल्या माणसाला, ते कुंपणाच्या आत जास्त आहे असे कसे वाटू शकले?’

आम्ही म्हणालो, ‘त्यात आजोबांचा काय दोष? कायदा इंग्रजांचा, आणि जातीची कल्पना आमची.’

‘दोष वाटून घेतला की हलका होतो खरा,’ ते म्हणाले.

मुंबई इलाख्यात तो कायदा १९४९ साली गेला आणि सबंध देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. स्वातंत्र्यदिनानंतर पाच वर्षे कुंपणातली माणसे कायद्याने गुन्हेगारच होती. शाळेत १५ ऑगस्टला आम्ही वर्षानुवर्षे भाषणे केली, पण ही दुसरी तारीख आमच्या तोंडून एकदाही निघाली नाही.

आता ते सांगावयाचे, ज्यासाठी इतकी वर्षे आम्ही सोलापूर टाळीत होतो.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे आईबाप सोलापूरच्या ह्याच वस्तीतून वीटभट्टीच्या कामासाठी तालुक्याच्या गावी आलेले. मुलगा अबोल, अक्षर सुरेख, शब्दरूपे बिनचूक म्हणणारा. एके दिवशी टेबलावर ठेवलेले आमचे शाईचे पेन, वडिलांनी दिलेले, दिसेनासे झाले. वर्गात चव्वेचाळीस मुले होती. आम्ही एकालाच उभे केले. एकाचेच दप्तर जमिनीवर ओतले. त्यात पेन नव्हते. तरी आम्ही म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो, की ह्याच्या रक्तातच आहे.

तिसऱ्या दिवशी पेन सापडले. खिशाचे शिवण उसवून ते आमच्या कोटाच्या अस्तरात उतरले होते. आम्ही ही गोष्ट एका मित्रांना सांगितली, वर्गास सांगितली नाही. उद्या सांगू, म्हणत राहिलो. मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. भट्टीचा हंगाम संपल्यावर तो तसाही गेलाच असता, असे आम्ही मनाला समजाविले. आणि पुढे पुढे तर, त्याचे प्रारब्ध, असेही म्हणू लागलो. संस्कृत शिकल्याचा हा एक तोटा आहे, की कोणत्याही गोष्टीला भारदस्त नाव तयार असते.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे आम्ही मित्रांना उठवून विचारले, ‘तो कोठे असतो, तुम्हांला ठाऊक आहे काय?’

‘आहे,’ ते म्हणाले. ‘मालट्रक चालवितो. वस्तीच्या पलीकडच्या गल्लीत घर आहे.’

‘मग आम्हांला कधी कळविले नाहीत ते!’

‘तुम्ही कधी विचारले नाहीत.’

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघे गेलो. दोन खोल्यांचे घर, दारात तुळस, भिंतीवर आंबेडकरांची आणि सिद्धरामेश्वरांची तसबीर शेजारी शेजारी. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी बाहेर आली. आई कामाला गेली होती, वडील काल रात्रीच हैदराबादकडे गेले होते. तिने मित्रांना ओळखले, खुर्च्या टाकल्या, पाणी आणले. अकरावीत असल्याचे सांगितले. आम्ही तिच्या हातांकडे पाहत होतो. वहीवरचे अक्षर सुरेख होते.

‘बाबांचं काही काम होतं का? फोन लावू?’ ती म्हणाली, आणि आम्ही हो-नाही म्हणण्यापूर्वी तिने लावलाही. त्या अर्ध्या मिनिटात आम्हांला दाराबाहेर निघून जावेसे वाटले, हे लपवून काय उपयोग? पाय आमचेच होते, दार उघडे होते, आणि अडविणारे कोणी नव्हते. फोन लागला नाही.

‘रेंज नसेल. संध्याकाळी बोलणं होईल. आजोबा, काय सांगू, कोण आलं होतं?’

आम्ही आमचे नाव सांगितले. मग म्हणालो, ‘सांग, की पेन मास्तरांच्याच कोटाच्या अस्तरात सापडले. तिसऱ्याच दिवशी.’

तिला काही बोध झाला नाही. ‘एवढंच?’

‘वर्गात सांगावयाचे राहिले, म्हणून घरी सांगावयास आलो होतो, असेही सांग.’

विसरू नये म्हणून तिने वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून घेतले, आम्हांला वाचून दाखविले, आणि खाली तारीख घातली.